जिभेला न सापडणारे स्वर : तुमचे अनुभव सांगा

लेक सध्या जर्मन शिकतेय. काल शेजारच्या खोलीतून तिचा एकाच स्वराचा घोष चालला होता आणि मला एकदम आमच्या फ्रेंचच्या बाई आठवल्या. सुरुवातीला त्या आम्हाला बोलूच द्यायच्या नाहीत. डोळे मिटून ऐकायचं आणि कुठला स्वर आला ते बोटानं दाखवायचं, बस. मग एके दिवशी प्रत्येकीच्या हातात छोटा आरसा. "ई म्हणा. म्हणत राहा. जीभ जागची हलवू नका, फक्त ओठ ऊसारखे गोल करा." आणि तो फ्रेंच स्वर निघाला, जो धड ई नाही की धड ऊ नाही! मराठीत जीभ पुढे असली की ओठ पसरलेले, मागे गेली की गोल (आ, अ सोडून). ही जोडी मोडणं हेच खरं अवघड. लेकीलाही काल आरसा दिला आणि ए म्हणता म्हणता ओठ ओसारखे करायला सांगितले. थोड्या वेळात जमलं तिला.

कान तयार झाल्याशिवाय तोंड तयार होत नाही, हे मला बाईंमुळे पटलं. तुम्हाला कुठल्या भाषेतल्या कुठल्या स्वरानं घाम फोडला? लिहा ना.

निळीशाई
जपानी!! आ इ उ ए ओ, पाचच स्वर, म्हणून सगळे खूश होतात. पण लांबी! युकि म्हणजे बर्फ आणि यूकि म्हणजे धैर्य. आपण दिन आणि दीन लिहितो वेगळे, पण रोजच्या बोलण्यात दोन्ही सारखेच. त्यामुळे कानाला लांबी मोजायची सवयच नाही. मी प्रत्येक मात्रेला टेबलावर टिचकी मारत वाचायचे. आणि 'देसु'मधला उ तर जवळजवळ गायब, देस् एवढंच ऐकू येतं. दारावर कोणीतरी आलंय, नंतर लिहिते.

उंबरठा
इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. शिप आणि शीप यांतला फरक नुसता ह्रस्व-दीर्घाचा म्हणून शिकवणं थांबायला हवं. शिपमध्ये जीभ थोडी खाली उतरते, तोंड सैल पडतं. उलट 'बीट'मधला ई पुढच्या ट्मुळे इतका आखडतो की 'बिड'मधल्या इच्या जवळपास येतो. मुलं नुसत्या लांबीवर विसंबली की तिथे अडकतात. मी आधी नुसतं ऐकायला लावते, मग म्हणायला.
आणि स्पेलिंगवरून उच्चार ठरवू नका, हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. छपाई इंग्लंडात १४७६ मध्येच आली होती. उच्चार पुढे निघून गेले, स्पेलिंग मागे राहिलं.

कानोसा
जरा वेगळं लिहितोय, चालेल ना? आमच्या मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं कानात बसवतात ते यंत्र) आहे. सकाळी मशीन लावलं की तिच्या मागे उभं राहून सहा आवाज म्हणायचे : आ, ऊ, ई, श्, स्, म्. तिनं ऐकून तसेच परत म्हणायचे. तोंड दिसता कामा नये, नाहीतर ती ओठ वाचते.
एका सकाळी तिनं प्रत्येक ईला ऊ म्हटलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा ऊ. थेरपिस्ट ताईंनी आधीच समजावून ठेवलं होतं : ऊ आणि ई या दोघांचाही खालच्या पट्टीतला भाग जवळजवळ सारखा असतो, ईला वेगळं करतो तो वरच्या पट्टीतला भाग. तो पोचला नाही की ईचा ऊ ऐकू येतो. लगेच दाखवायला नेलं, सेटिंग बदललं आणि तिथेच खुर्चीत बसून तिनं खणखणीत 'ई' म्हटलं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

चांदणचुरा
कानोसा दादा, लेकीला खूप खूप आशीर्वाद. वाचून गलबलून आलं. एक विचारू? या मुलांना स्वर आधी येतात का व्यंजनं?

कानोसा
ताई, आमच्याकडे तरी स्वर आधी. ते मोठ्यानं आणि जास्त वेळ वाजतात, म्हणून कानाला लवकर सापडतात. स्‌ला फार वेळ लागला.

रेघ
संस्कृतवाल्यांनी कसं काय लिहिलं नाही अजून? पाणिनीच्या अष्टाध्यायीचं शेवटचं सूत्र आहे 'अ अ'. बोलण्यातला ह्रस्व अ संवृत, म्हणजे तोंड कमी उघडून होणारा आणि आ विवृत, म्हणजे जास्त उघडून होणारा. पण व्याकरणाच्या सोयीसाठी दोघांना सवर्ण, म्हणजे एकाच गटातले, धरायचं, म्हणून ग्रंथभर अ हाही विवृत मानला, आणि शेवटच्या सूत्रात त्याला पुन्हा मूळ रूप दिलं. केवढा तो कान!
ऋ मात्र आपल्याकडून निसटला. आपण क्रुष्ण म्हणतो, हिंदीत क्रिष्ण. माझ्या एका चेक सहकाऱ्यानं बोट दाखवून 'प्र्स्त' म्हटलं. चेकमध्ये बोटाला तेच म्हणतात, मध्ये एकही दुसरा स्वर नाही, र्‌च स्वराचं काम करतो. मी त्याला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला.

गवतफूल
रेघ +१. सासूबाई कानडी, त्यामुळे माझी शाळा घरातच. कॊडु म्हणजे दे, कोडु म्हणजे शिंग. आपल्या ए, ओला ह्रस्व भावंडं असतात हेच मला माहीत नव्हतं. सासूबाई शब्द म्हणताना हवेत हात छोटा-मोठा करून दाखवायच्या, फार मायेनं शिकवलं त्यांनी.

चांदणचुरा
गवतफूल, तो ओ वेगळाच दिसतोय, फोनवर कसा उमटवलास? मला साधा 'ॲ' सापडत नाही :(

गवतफूल
माझ्या कीबोर्डवर ओ दाबून धरला की येतो. ॲसाठी अ दाबून धरून बघ.

चांदणचुरा
ॲ ॲ ॲ. आला! थँक्यू गं!

निळीशाई
आले परत. कानोसा, लेक कितवीत आहे?