अनुभव धागा: वरचा मजला अर्धवट टाकून कंत्राटदार गेला, आता काय?

धागाकर्ता

तळमजल्याच्या घरावर मजला चढवायला घेतला, स्लॅब पडला, अर्ध्या भिंती उठल्या आणि मग कंत्राटदाराचा फोन लागेनासा झाला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढीव वस्तीत आभाळाकडे तोंड केलेल्या गंजक्या सळया दिसतात. सगळ्या भांडणाच्या नसतात म्हणा, पुष्कळशा 'पुढे मुलगा बांधेल' म्हणून ठेवलेल्या असतात. ज्या भांडणाच्या असतात, त्यांच्यासाठी हा धागा.

मोजमाप, सेंट्रिंग, वॉटरप्रूफिंग, डिझाइन, दुकान, कोर्ट, ज्याचं जे रोजचं काम आहे त्याने ते लिहावं. कंत्राटदाराचं नाव-गाव नको, रडगाणंही नको. आकडे आणि क्रम हवेत.

मापवही

पहिली गोष्ट म्हणजे कशालाही हात लावू नका. लोक रागाच्या भरात आठवड्यात दुसरा गवंडी लावतात, तो गिलावा मारून मोकळा होतो आणि पहिल्याने किती केलं, कसं केलं याचा पुरावा गिलाव्याखाली जातो. पुढे पहिला कंत्राटदार बिनदिक्कत म्हणतो, 'ते पण मीच केलंय.'

मोजणी अशी करा. कंत्राटदाराला सात-आठ दिवस आधी लेखी कळवा: अमुक तारखेला, अमुक वाजता जागेवर संयुक्त मोजमाप आहे, न आल्यास तुमच्या गैरहजेरीत होईल. व्हॉट्सअॅप आणि स्पीड पोस्ट दोन्हीने. (पूर्वीचं रजिस्टर एडी २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, पोचपावतीची सोय घ्यायला विसरू नका.) त्या दिवशी स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअर किंवा नोंदणीकृत मूल्यांकक आणि शेजारचे दोघे साक्षीदार. टेप भिंतीला लावलेला दिसेल असेच फोटो. प्रत्येक खोलीचा एक लांबून, एक जवळून.

काय मोजायचं: कॉलम-बीम-स्लॅबचं काँक्रीट, ९ इंची वीटकाम घनफळाने, ४ इंची क्षेत्रफळाने, चौकटी बसल्या का, भिंतीत पाइप टाकले का. जागेवर पडलेला मालही: गोण्या, विटा, वाळूचा ढीग, सळईचे तुकडे. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष टिपून घ्या. गिलावा झाला असेल तर वाद खिडक्या वजा करण्यावरून होतो. आयएस १२०० (मोजमापाचं भारतीय मानक) प्रमाणे ०.५ चौ. मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत, ०.५ ते ३ पर्यंत दोन्ही बाजू सारख्या गिलाव्याच्या असतील तर एका बाजूची वजा. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंची. करारात वेगळं लिहिलं असेल तर अर्थात तेच धरायचं.

'चार टन सळई आणली' हे वाक्य ऐकलं की पडताळा घ्या. साध्या घराला स्लॅबच्या चौरस फुटामागे साडेतीन ते साडेचार किलो सळई लागते, म्हणजे ७०० चौ. फुटाला अडीच ते सव्वातीन टन. ७०० चौ. फुटाचा ५ इंची स्लॅब म्हणजे २९२ घनफूट, तीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) जवळपास. १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) ला घनमीटरमागे ८ गोण्या धरल्या तर नुसत्या स्लॅबला ६६ गोण्या. बीम आणि कॉलम वेगळे. वहीत स्लॅबच्या नावावर १२० गोण्या असतील तर उरलेल्या कुठे गेल्या ते विचारा.

प्लेटा आणि टेकू

मापवही, 'हात लावू नका' याला एक अपवाद आहे. स्लॅब नुकताच पडला असेल तर त्याला पाणी मारायला हात लावायलाच लागेल. कंत्राटदार तिसऱ्या दिवशी गायब झाला तर घरमालक वाट पाहत बसतो आणि स्लॅब उन्हात तडतडतो. फोटो काढा, वाफे बांधा, दोन इंच पाणी साठवा. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) किंवा कडक ऊन असेल तर १०. १४ केलेत तर उत्तमच.

दुसरं, टेकू. सेंट्रिंगच्या (ओला स्लॅब खालून धरणाऱ्या) प्लेटा बहुतेक वेळा भाड्याच्या असतात. कंत्राटदाराने भाडं थकवलं की प्लेटावाला थेट टेम्पो घेऊन दारात येतो. त्याला 'ने बाबा' म्हणण्याआधी ओतल्याची तारीख बघा. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) चा हिशेब ओपीसीसाठी आहे: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. पीपीसीला यात भर घाला. बाहेर लोंबणारी गॅलरी आणि छज्जा इंजिनिअरने सांगितल्याशिवाय सोडू नका. त्यातही काढायची सुरुवात मोकळ्या टोकाकडून, भिंतीकडून नव्हे.

प्लेटा नेऊ द्याल तेव्हा मोजून द्या आणि पावती घ्या: इतक्या प्लेटा, इतके टेकू, अमुक तारखेला नेले. मागचं भाडं हा त्याचा आणि कंत्राटदाराचा मामला. तो न्यायला आला तरी टेकू अजून स्लॅबखाली हवे असतील तर त्या दिवसापासूनचं भाडं तुम्ही ठरवा, लेखी.

ओळंबा

मे महिना असेल तर मोजमापाइतकीच घाई पाण्याची. मजला चढवताना जुन्या गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर) फोडतात, कारण जुन्या कॉलमचे गज उघडे करायचे असतात. कंत्राटदार गेला की खालच्या घराच्या डोक्यावर फुटका कोबा, त्यात कॉलमभोवतीचे खड्डे, आणि जिन्यासाठी कापलेलं मोकळं भोक. पहिल्या पावसात खालच्या बेडरूमची पीओपी खाली येते. वर नवीन स्लॅब आहे ना, असं लोक म्हणतात. पण भिंती अर्ध्या असतात, पाऊस आडवा येतो आणि जुन्या गच्चीवर साचतो.

तात्पुरतं एवढं करा. कॉलमच्या बुडाचा राडारोडा काढून स्वच्छ धुवा, वॉटरप्रूफिंग पावडर घालून १:४ मसाल्याचा वाटा (कोपऱ्यातला गोलसर पट्टा) चौफेर फिरवा. जुन्या गच्चीचे निचऱ्याचे पाइप उघडे आहेत का बघा, ते हमखास सिमेंटच्या लगद्याने बुजलेले असतात. हेच एक कारण अर्ध्या गळतीमागे असतं. नव्या स्लॅबमधला संडास-बाथरूमचा खोलगट भाग म्हणजे आयता हौद. त्याच्या भिंतीत बुडाशी एक भोक पाडून पाणी बाहेर काढून द्या. जिन्याच्या भोकावर चार पाइप आणि पत्रा, चारही बाजूंनी किमान फूटभर बाहेर. अर्ध्या भिंतींच्या डोक्यावर मसाल्याचा एक थर, नाहीतर विटांच्या सांध्यांतून पाणी थेट खाली उतरतं. निळी ताडपत्री एका वादळात जाते, तिच्यावर भिस्त नको.

या खर्चाची बिलं जपा. नुकसान वाढू नये म्हणून केलेला वाजवी खर्च मागता येतो.

मापवही

ओळंबा यांचं शेवटचं वाक्य ठळक करा. आता पैशाचा हिशेब, कारण इथे बहुतेक तक्रारी घसरतात. उदाहरण घेऊ.

७०० चौ. फूट, मालासकट १,८०० रुपये दर, करार १२,६०,०००. दिले ८,५०,०००. करारातल्या टप्प्यांप्रमाणे आरसीसी ४५ टक्के धरलं होतं, ते पूर्ण. वीटकाम १२ टक्के, ते निम्मं. म्हणजे झालेलं काम ५१ टक्के, ६,४२,६००. जास्त दिलेली रक्कम २,०७,४००.

आता दुसरा मार्ग. उरलेलं तेच काम नवा कंत्राटदार ७,९०,००० ला करतो म्हणाला. पहिल्याला द्यायचे राहिले होते ४,१०,०००. ३,८०,००० हा तुमचा खरा तोटा.

लोक दोन्ही जोडून ५,८७,४०० मागतात आणि तिथे फसतात. ३,८०,००० मध्ये ते २,०७,४०० आलेलेच आहेत. उरलेले १,७२,६०० म्हणजे वाढलेला दर. एकच आकडा मागा, आणि त्याला किमान दोन-तीन कोटेशनचा आधार द्या. सगळी कोटेशनं त्याच कामाची, त्याच दर्जाची. पहिल्या करारात साधी टाइल आणि नव्या कोटेशनमध्ये ग्रॅनाइट असं झालं तर समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

काळा कोट

करार तोंडी असला तरी करारच असतो. बँकेतून गेलेले पैसे, व्हॉट्सअॅपवरचे 'उद्या स्लॅब टाकतो' हे निरोप, वहीतल्या त्याच्या अक्षरातल्या नोंदी, हे सगळं चालतं. फोन मात्र विकू नका, फॉरमॅट करू नका. मोबाइलमधला मजकूर कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

रेरात (स्थावर संपदा प्राधिकरणात) धावू नका. तिथे विकसक आणि सदनिका घेणारा यांचं नातं आहे. स्वतःच्या जागेवर मजुरी-मालाने काम करणारा कंत्राटदार त्यात बसत नाही. तुमचं दार ग्राहक आयोगाचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दात घरबांधणी स्पष्ट लिहिली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. शुल्क दिलेल्या रकमेवर: ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. वर मापवहींनी दिलेल्या उदाहरणात २०० रुपये. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव.

आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. दिवाणी दाव्याला तीन. दर सहा महिन्यांनी एक नोटीस पाठवली की मुदत पुढे सरकते, हा समज खोटा आहे. नोटिशीने मुदत वाढत नाही.

नोटिशीत चारच गोष्टी: कराराची तारीख आणि दिलेले हप्ते, काम थांबल्याची तारीख, मोजमापाचा निकाल, आणि १५ दिवसांत काम सुरू करा, नाहीतर करार संपला असं धरून तुमच्या जोखमीवर व खर्चावर दुसऱ्याकडून पूर्ण करू. हे शेवटचं वाक्य नसेल तर पुढचा खर्च मागताना अडतं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली तोटा मिळतो, पण तोटा कमी ठेवायला तुम्ही काय केलं हेही बघितलं जातं. दोन वर्षं गज गंजू देऊन गंजाची भरपाई मागाल तर कठीण.

आणि समोरच्याचीही बाजू असते. दोन हप्ते थकवून, मधेच 'एक खोली वाढवा' म्हणून तोंडी सांगितलं असेल तर जादा कामाचे पैसे तो मागेल आणि त्याला ते मिळतीलही.

कुंपण

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली तर घेतात का?

काळा कोट

'दिवाणी बाब आहे' हे उत्तर तयार असतं, आणि बहुतेकदा बरोबरही. नुसतं काम सोडणं म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासून फसवायचा हेतू दिसला पाहिजे. खोटी बिलं दाखवून मालाची उचल घेतली, माल आलाच नाही, असं कागदावर असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) किंवा ३१६ (विश्वासघात) चा विचार होतो. परतफेडीचा चेक देऊन तो परत आला असेल तर गोष्ट वेगळी: बँकेची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार. या तारखा भिंतीवर लिहा.

हार्डवेअरवाला

आमच्या बाजूने. कंत्राटदाराने माल त्याच्या खात्यावर नेला असेल तर उधारी त्याच्याकडूनच यायची, घरमालकाकडून नाही. पण चलनावर घरमालकाचं नाव असेल आणि त्याने सही करून माल उतरवून घेतला असेल तर दुकानदार त्याच्याच दारात येणार. चलनावर सही करताना 'कंत्राटदार अमुक यांच्या खात्यावर, फक्त माल पोचला' एवढं लिहायला दहा सेकंद लागतात.

पडून राहिलेल्या गोण्या: तीन महिन्यांत सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने तरी उतरते, ओल लागली तर जास्त. बोटांनी चुरगळत नाहीत असे खडे झाले असतील तर ती गोणी आरसीसीत नको.

सळई सोळा

पुन्हा काम सुरू करताना. नवा कंत्राटदार जुन्या कामाला 'चालेल' म्हणतो, कारण त्याला काम हवं असतं. हा निर्णय डिझाइनरचा. हातोडीने वाजवून, रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कडकपणा बघायचं यंत्र) फिरवून शंका आली तर किमान तीन ठिकाणी कोअर (तपासणीसाठी काँक्रीटचा दंडगोल तुकडा) काढा. सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नसेल तर काँक्रीट स्वीकारता येतं.

उघड्या गजांवर तपकिरी पावडर असेल तर तारेच्या ब्रशने जाते, घाबरू नका. पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील तर व्हर्नियरने जाडी मोजा. सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी गज वाकवून ठेवलेले असतात आणि नंतर पाइप घालून सरळ करतात. वाकलेल्या जागी बारीक चिरा बघा. जुन्या-नव्या गजाचा जोड गजाच्या जाडीच्या सुमारे ५० पट: १२ मिमीच्या गजाला ६०० मिमी, १६ च्याला ८००. तेवढा गज बाहेर उरला नसेल तर रासायनिक अँकर, म्हणजे काँक्रीटला भोक पाडून केमिकलने गज बसवणं. १२ च्या गजाला १६ चं भोक, १६ च्याला २०. फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी. भोकातली भुकटी तशीच राहिली तर केमिकल भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि गज हाताने निघतो. जागेवर फुंकणी दिसली नाही तर काम थांबवा.

परवानगीची तारीखही बघा. बांधकाम परवानगी एक वर्षाची, नूतनीकरण करत एकूण चार वर्षं. भांडणात ती उलटून गेली तर नवा कंत्राटदार तुमच्या नावावर विनापरवाना बांधकाम करत असतो. जुना इंजिनिअर कंत्राटदाराचा माणूस असेल तर त्याच्या जागी नव्याची नेमणूक पालिकेत लेखी कळवा.

प्लेटा आणि टेकू

नव्या करारात हप्ते 'स्लॅब झाल्यावर' असे लिहू नका, झाल्यावर म्हणजे काय यावरच भांडण होतं. 'स्लॅब ओतून, १० दिवस पाणी मारून, टेकू काढून, खालून खडी उघडी न दिसल्यास' असं लिहा. प्रत्येक बिलातून ५ टक्के मागे ठेवा, एक पावसाळा गेल्यावर द्या. आणि सुरुवातीची उचल सेंट्रिंगच्या भाड्याएवढीच.