बालसाहित्याची सुरुवात कुठून मानायची?

रानजाई
नमस्कार. आमच्या वाचनगटात मला बालसाहित्यावर बोलायचं आहे. टिपणं काढायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. कुणी पंचतंत्रापासून सुरुवात करतं, कुणी १७४४ सालच्या एका इंग्रजी पुस्तकापासून. प्रकारांची यादी करता येते (परीकथा, साहसकथा, बडबडगीतं, चित्रपुस्तकं), पण नुसत्या यादीवर बोलणं उभं राहत नाही. धागा कुठून धरू?

पोटमाळा
रानजाई, सनावळ्या बाजूला ठेवा. प्रत्येक पुस्तकाला एकच विचारा: हे मुलांसाठी लिहिलं गेलं, की मुलांनी ते आपलंसं केलं? मी बरीच वर्षं मुलांना मोठ्याने वाचून दाखवते आहे आणि मला हाच प्रश्न सगळ्यात कामाचा वाटत आला आहे.

रॉबिन्सन क्रूसो (१७१९) आणि गलिव्हर (१७२६) मोठ्यांसाठी होते. मुलांनी ते उचलले आणि सोडलेच नाहीत. साहसकथा तिथून आली. कोमेनियसचं मात्र उलट. त्या शिक्षकाने १६५८ साली 'ऑर्बिस पिक्टस' हे सचित्र पाठ्यपुस्तक मुद्दाम मुलांसाठी केलं. त्यातलं अक्षरांचं पान गटाला नक्की दाखवा. कावळा 'आ आ' करतो, कोकरू 'बे' करतं, शेजारी ते अक्षर. पुढच्या पाठांत चित्रातल्या वस्तूंना आकडे आहेत आणि तोच आकडा मजकुरातल्या शब्दाला. मूल बोट चित्रावरून शब्दावर नेतं, परत चित्रावर आणतं. साडेतीनशे वर्षांनंतरही आपण मुलांना असंच वाचायला शिकवतो!

तुम्ही म्हणता ते १७४४चं पुस्तक लंडनच्या जॉन न्यूबेरीचं. त्यासोबत मुलग्यांना चेंडू आणि मुलींना टाचण्यांची उशी मिळे, दोन्ही अर्धे लाल, अर्धे काळे. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी टोचायची, चुकलं की काळ्या. करमणूक आली, पण उपदेशाचं बोट धरून. ते बोट १८६५ साली 'ॲलिस इन वंडरलँड'मधल्या ॲलिसने सोडवलं. ती पाठ केलेली बोधपर कविता म्हणायला जाते आणि तोंडातून भलतंच येतं. त्या काळच्या मुलांना मूळ कविता पाठ असायच्या, म्हणून त्यांना ते किती गमतीचं वाटलं असेल!

खडूपाटी
पोटमाळाताईंचा प्रश्न पंचतंत्राला लावला तर उत्तर सरळ येत नाही. विष्णुशर्मा राजपुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवायचं कबूल करतो, म्हणजे श्रोते तरुण. पण विषय राज्य, मैत्री, फसवणूक. आठव्या शतकात ते अरबीत गेलं तेव्हा करटक-दमनक हे दोन कोल्हे कलीला आणि दिम्ना झाले, आणि तिथेही ते मोठेच वाचत होते. मी तरी पंचतंत्राला बालसाहित्याची सुरुवात म्हणणार नाही, बालसाहित्याचं बियाणं म्हणेन.

जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचंही तसंच. त्यांच्या कथांचा १८१२चा पहिला खंड अभ्यासकी थाटाचा होता, टिपांसकट. मुलं वाचायला लागली तसं कथांवरून हात फिरवणं सुरू झालं. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. रानजाई, दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा. मुलांना काय सोसेल याबद्दल मोठे काय समजत होते, ते त्या एका बदलात दिसतं.

रानजाई
सावत्र आईचं मला ठाऊकच नव्हतं! दोघांचे मनापासून आभार. चित्रपुस्तकांबद्दलही सांगाल का?

पोटमाळा
आवडीने सांगते. लोक त्याला 'चित्रं असलेलं पुस्तक' समजतात, याची मला खंत वाटते. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रच सांगतं. मॉरिस सेंडकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) घ्या. सुरुवातीला चित्र लहान, भोवती भरपूर पांढरी जागा. गोष्टीतल्या मॅक्स या मुलाचा राग वाढत जातो तसं चित्र पसरत जातं, आणि मधोमध सलग तीन जोडपानं अशी येतात की एकही शब्द नाही, नुसता धिंगाणा.

तिथे मी वाचणं थांबवते. पान हळूच उलटते आणि पुस्तक मुलांकडे धरून बसते. पहिल्या जोडपानाला सगळे गप्प असतात. दुसऱ्याला कुणीतरी हळूच गुरगुरतं. तिसऱ्यापर्यंत सगळा गट उभा राहिलेला असतो.