डॅन्यूबचं वळण आणि दोन सरकारांचा करार

"नद्यांचे करार सरकारं आपापसात करतात, त्यात निसर्गदृश्याचा आणि मतदाराचा काय संबंध?" असा मुद्दा काही जण मांडतात, मला तो पटला नाही. युरोपातल्या डॅन्यूब नदीचंच बघा. १९७७ साली हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाने गाब्चिकोवो-नाग्यमारोश धरणांचा करार केला. दोन्हीकडे एकपक्षीय राजवट, लोकांना विचारतो कोण! नाग्यमारोशचं धरण होणार होतं ते हंगेरीतल्या विशेग्रादच्या किल्ल्यासमोर, नदी डोंगरांतून वळते तिथे. सत्तेला उघड विरोध करणं धोक्याचं होतं, पण "आमचं नदीचं वळण वाचवा" असं म्हणणं त्यामानाने शक्य होतं. १९८४ मध्ये हंगेरीतले जीवशास्त्रज्ञ यानोश वार्गा आणि सहकाऱ्यांनी धरणाविरोधात 'डॅन्यूब सर्कल' ही चळवळ उभी केली. १९८८ मध्ये हजारो लोक बुडापेस्टच्या संसदेसमोर जमले, पुढच्या वर्षी नाग्यमारोशचं काम थांबलं. हंगेरीतली राजवटही त्याच वर्षी गेली.

खरी अडचण पुढे आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये पलीकडच्या चेकोस्लोव्हाकियाने नदीचं बहुतेक पाणी कालव्यात वळवलं आणि हंगेरीतल्या सिगेतकोझ भागातले नदीचे फाटे आटले. तिथल्या कोळ्याला पलीकडे, स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हात, मत नव्हतं. १९९७ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हंगेरी आणि (चेकोस्लोव्हाकिया फुटून झालेला) स्लोव्हाकिया या दोन्ही देशांनी करार मोडल्याचं ठरवून पुन्हा वाटाघाटीला बसवलं.

म्हणूनच मला सीमेपलीकडच्या पर्यावरणीय परिणामांबद्दलचा १९९१ चा आंतरराष्ट्रीय एस्पो करार मोलाचा वाटतो. त्यानुसार प्रकल्पाची झळ शेजारी देशाला बसणार असेल, तर तिथल्या लोकांनाही हरकती नोंदवायची स्वदेशीयांइतकीच संधी द्यावी लागते.