एसएमपीएसच्या बॉडीवर ११० व्होल्ट कुठून येतात?

तारजोड: १२ व्होल्टचा पत्र्याच्या बॉडीचा एसएमपीएस (मेनच्या एसीचं डीसी करून देणारा पॉवर सप्लाय) आहे, आउटपुट बरोबर १२ येतंय. पण बॉडीला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, मल्टीमीटर एसीला ठेवून बॉडी आणि सॉकेटच्या अर्थमध्ये मोजलं तर ११० च्या आसपास दाखवतो. टू पिन प्लग लावलाय, अर्थचा स्क्रू रिकामाच आहे. मेन सप्लाय २३० चा, मग हे ११० कुठून आले? बॉडी न्यूट्रलला जोडून टाकू का?

ओहमवाला: न्यूट्रलला अजिबात जोडू नका!! टू पिन प्लग उलटा बसला किंवा मागे कुठे न्यूट्रल तुटला तर अख्खे २३० बॉडीवर येतील. थ्री कोअर वायर आणि थ्री पिन प्लग घ्या, अर्थ त्या रिकाम्या स्क्रूला लावा.

फेज_न्यूट्रल: बहुतेक खराब नाहीये. इनपुटच्या फिल्टरमध्ये फेजपासून बॉडीला एक छोटा कपॅसिटर असतो आणि न्यूट्रलपासून बॉडीला तेवढाच दुसरा, अर्थ नसला की बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, म्हणून २३० च्या साधारण निम्मे. करंट अगदी कमी असतो, २.२ नॅनोफॅरडचे धरले तर ०.१६ मिलिअँपिअर. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम असल्यामुळे एवढ्याशा करंटवरही तो आकडा दाखवतो. खात्री करायची तर सप्लाय बंद ठेवून बॉडी आणि अर्थमध्ये १०० किलोओहमचा १ वॅटचा रेझिस्टर क्लिपने लावा, मग चालू करून हात न लावता मोजा. १५-२० व्होल्टवर आलं तर कपॅसिटरचंच आहे, फारसं उतरलंच नाही तर इन्सुलेशन गेलंय, तो सप्लाय वापरू नका. आणि झिणझिण्या थांबाव्यात म्हणून ते कपॅसिटर काढू नका हं, इलेक्ट्रिकल नॉइज त्यांच्यामुळेच दबतो.

तारजोड: थ्री पिन लावला, बॉडी जवळपास शून्यावर आली, झिणझिण्या गेल्या!! पण मायनस टर्मिनल ते अर्थ अजून थोडे व्होल्ट दिसतात, मायनस पण अर्थ करायचा का?

फेज_न्यूट्रल: आउटपुट फ्लोटिंग असतं, म्हणजे १२ व्होल्ट हे फक्त प्लस आणि मायनसमधले, अर्थच्या हिशोबाने मायनस कुठे आहे ते तुम्ही जोडेपर्यंत ठरलेलंच नसतं. एकच सप्लाय असेल तर मायनस एका ठिकाणी अर्थ केला तरी चालतं. पण पुढे प्लस-मायनस १२ साठी दोन सप्लाय सिरीजमध्ये लावणार असाल तर फक्त मधला जॉइंट (वरच्याचा मायनस आणि खालच्याचा प्लस जिथे जुळतात तो) अर्थ करा, दोघांचे मायनस अर्थ केले तर खालचा सप्लाय सरळ शॉर्ट होतो.

ओहमवाला: ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा मीटर) लावताना पण बघा, प्रोबची ग्राउंड क्लिप बहुतेक स्कोपमध्ये आतून अर्थलाच असते. मायनस अर्थ केलेला असताना ती क्लिप चुकून प्लसवर लावली की तिथेच शॉर्ट.