शब्दचर्चा : रवा 'पडतो' की 'पाडतात'?

सालईबन
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, औषधी द्रव्यं बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. द्रावणातून औषधाचे स्फटिक काढायचे आणि ते हव्या त्या आकाराचे, हव्या त्या रूपाचे निघतील असं बघायचं, हे माझं काम. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त गावच्या शाळेत बोलायचं आहे. समोर आठवी ते दहावीची पोरं, मागे पालक. 'सेंद्रिय रेणूंच्या स्फटिकीभवनाचे नियंत्रण' असं फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत बसेल. पुस्तकी शब्द टाळायचा नाही, पण त्याच्या शेजारी ठेवायला घरचा शब्द हवाय. घरात विचारलं तर गोठणं, थिजणं, साखरणं, रवा धरणं अशी क्रियापदं निघाली. ही सगळी एकच का?

पऱ्हाटी
पह्यले तं थो 'सेंद्रिय' शब्द काढा ताई. गावात सेंद्रिय म्हणजे शेणखत, जीवामृत, दशपर्णी. तुमी सेंद्रिय रेणू म्हणसान तं लोकं इचारतीन, याचं सर्टिफिकेट भेटते का.

जुना फळा
पऱ्हाटीभाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. 'सेंद्रिय' म्हणजे इंद्रियांसह असलेलं, म्हणजे सजीवांपासून आलेलं. रसायनशास्त्रात हा अर्थ कधीच मागे पडला. 1828 साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला, तोही सजीवाची मदत न घेता, आणि तेव्हापासून कार्बनच्या संयुगांना 'सेंद्रिय' म्हणणं ही निव्वळ सवय राहिली. दहावीच्या पुस्तकात धड्याचं नावच 'कार्बनी संयुगे' आहे. तोच शब्द वापरा, पोरांच्या ओळखीचा आहे.

पऱ्हाटी
थांबा सर. म्हणजे युरिया सेंद्रिय?

जुना फळा
रसायनवाल्यांच्या वहीत, हो. कृषी केंद्राच्या पावतीवर, नाही.

पऱ्हाटी
घ्या! आता हे आमच्या सेंद्रियवाल्या गटात सांगतो, मंग पाहा मजा.

सालईबन
सर, 'कार्बनी' घेते. आणि पऱ्हाटीभाऊ, युरियाचं नाव काढलंच आहे तर विचारते, पावसाळ्यात पोत्यातला युरिया दगड होतो त्याला तुम्ही काय म्हणता?

पऱ्हाटी
ढेकूळ धरलं म्हणतो. नाही तं सरळ गोटा झाला म्हणतो.

सालईबन
माझ्या भाषणासाठी हे सोन्यासारखं उदाहरण आहे. दाण्याच्या अंगावर हवेतलं पाणी बसतं, त्यात थोडा युरिया विरघळतो, ऊन पडलं की ते पाणी उडतं आणि विरघळलेला युरिया दोन दाण्यांच्या मधे पुन्हा स्फटिक होऊन बसतो. दाणे चिकटतात ते याच सांध्यांनी. यात कुणी काही केलेलं नाही, आपोआप झालं. आमच्या कारखान्यात नेमकं हेच होऊ द्यायचं नसतं.

जुना फळा
आता मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते ही क्रियापदं एक नाहीत.

थिजणं म्हणजे आख्खा गोळा थंडीनं घट्ट होणं. खोबरेल थिजतं. मागे पातळ असं निराळं काही दिसत नाही.

गोठणं त्याहून ढिलं. पाणी गोठतं तेव्हा स्फटिक होतात, रक्त गोठतं तेव्हा होत नाहीत. म्हणून हा शब्द तुमच्या कामाचा नाही.

साखरणं आणि रवा धरणं, या दोन्हींत एक गोष्ट समान आहे: पातळातून काहीतरी वेगळं होऊन दाण्याच्या रूपानं बाहेर येतं आणि बाकीचं पातळच राहतं. द्रावणातून स्फटिक होणं ते हेच. फरक आवडीनिवडीचा. तुपाला रवा धरला तर बाई खूश, पाक साखरला तर चिडचिड.

मेळघाटी
मधाबद्दल लिहितोच, कारण 'साखरला' या शब्दानं आमचं फार नुकसान केलंय. डिसेंबर-जानेवारीत बाटलीतला मध तळाशी दाणेदार होतो. गिऱ्हाईक म्हणतं 'साखरला, म्हणजे साखर घातली होती.' शब्दातच आरोप आहे! खरी गोष्ट अशी की मधात ग्लुकोज आणि फळशर्करा या दोन मुख्य साखरा असतात आणि पाणी जेमतेम 17 ते 20 टक्के. एवढ्याशा पाण्यात ग्लुकोज मावत नाही, ते बाहेर पडतं. फळशर्करा विरघळलेलीच राहते. 14 अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात लवकर होतं. त्याहून गार केलं तर मध इतका घट्ट होतो की रेणूंना हलताच येत नाही, म्हणून फ्रीजरमध्ये उलट उशीर लागतो. शुद्ध मधही साखरतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ. तेव्हा ताई, पोरांसमोर 'मधाला रवा धरला' म्हणा, 'साखरला' नको. तेवढीच आमची मदत.

सालईबन
नक्की म्हणेन.

गाठीवाला
आमचा होळीच्या गाठ्यांचा धंदा. वाचून राहवलं नाही.

एकाच साखरेच्या, एकाच पाण्याच्या आमच्याकडे दोन जिनसा होतात. गाठ्यांचा पाक कडक करायचा, कढईच्या कडेला घोटायचा, पांढरा पडायला लागला की लगेच साच्यात. घोटल्यानं रवा एकदम आणि बारीक पडतो, म्हणून गाठी तोंडात विरघळते. खडीसाखरेचा पाक मात्र दोऱ्या सोडून ठेवून द्यायचा, हात लावायचा नाही, भांडं हलवायचं नाही, सावकाश थंड होऊ द्यायचं. रवा कमी पडतो आणि तोच मोठा होत जातो. गंमत म्हणजे दोरा दोन्हीत आहे, पण गाठीतला दोरा गळ्यात घालायला आणि खडीसाखरेतला खडा धरायला.

आणि जिथं रवा अजिबात नको, तिथं पाकात लिंबू पिळतो. का ते मला ठाऊक नाही, वडील पिळायचे.

सालईबन
दादा, माझं अर्धं भाषण तुम्हीच केलंत. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात 480 ग्रॅमच्या वर. गरम पाक गार होतो तेव्हा मावते त्याहून जास्त साखर त्यात अडकून पडलेली असते. याला पुस्तकात 'अतिसंपृक्त' म्हणतात. अशा पाकाला घोटून धक्का दिला की असंख्य ठिकाणी एकदम सुरुवात होते आणि प्रत्येक कणाच्या वाट्याला थोडीच साखर येते. सावकाश गार केलं तर सुरुवात मोजक्या ठिकाणी. आम्ही टाकीत हेच करतो, फक्त घोटण्याऐवजी थंड करण्याचा वेग, ढवळण्याचा वेग आणि कोणतं द्रावक (ज्यात औषध विरघळवतो ते पातळ) घ्यायचं, यावर हात ठेवतो. द्रावक बदललं की तेच औषध सुईसारखं न येता पापुद्र्यासारखं येऊ शकतं. सुया आल्या की गाळायला जीव जातो.

लिंबाचं सांगते: आंबटपणानं काही साखर फुटून ग्लुकोज आणि फळशर्करा होते. ते वेगळ्या घडणीचे रेणू साखरेच्या रव्याला वाढू देत नाहीत.

झाडीपट्टी
इथं कुणी 'कणी' शब्द काढला नाही म्हणून बरं. भंडारा-गोंदियाकडं कणी म्हणजे गिरणीत तुटलेला तांदूळ. 'तुपाला कणी पडली' म्हणतात खरं, पण कणी तुटून होते आणि स्फटिक वाढून होतो. तीच अडचण 'रव्या'ची, तो दळून होतो. शास्त्राच्या वर्गात हा गोंधळ कशाला? 'स्फटिक'च ठेवा. तुरटीला आपल्याकडं फिटकरी म्हणतात, तो शब्दही 'स्फटिक'च्याच घरातला. पोरांनी फिटकरीचा खडा हातात धरलेला असतो.

जुना फळा
नाम म्हणून 'स्फटिक' घ्या, माझी हरकत नाही. पण क्रियापद घरचंच घ्या, कारण ताईंना जे सांगायचंय ते क्रियापदात आहे. रवा पडतो आणि रवा पाडतात. युरियाचं ढेकूळ, मधाचा रवा, हे पडणं. खडीसाखर, औषध, हे पाडणं. पुस्तकी शब्दांतही ही जोडी आहे, फक्त आपण ती वाया घालवतो: स्फटिकीभवन म्हणजे स्फटिक होणं, स्फटिकीकरण म्हणजे स्फटिक करणं. ताईंच्या फळ्यावर 'स्फटिकीभवनाचे नियंत्रण' असं लांबलचक लिहिलंय, त्यापेक्षा नुसतं 'स्फटिकीकरण' पुरे. 'करण'मध्ये नियंत्रण आलंच.

झाडीपट्टी
तेवढं मान्य नाही सर. गाठीवालेदादा घोटतात तेही करणंच आहे, पण दाणा किती मोठा होईल हे हातात असणं वेगळं. 'नियंत्रण' राहू द्या.

मेळघाटी
एक विचारतो. जुन्या दाणेदार मधाचा चमचाभर नव्या मधात घालून गार जागी ठेवला की सगळा मध लोण्यासारखा मऊ बसतो. आम्ही म्हणतो विरजण लावलं. चालेल?

सालईबन
आम्ही कारखान्यात त्याला 'सीड' म्हणतो. तयार स्फटिकाची बारीक भुकटी ठरलेल्या तापमानाला टाकतो, म्हणजे नवे कण वेडेवाकडे सुरू न होता टाकलेलेच वाढतात. 'विरजण' फार आवडला.

जुना फळा
ऐकायला गोड, पण फसवा. विरजणात जीव असतो, जिवाणू वाढतात, दूध आंबतं, म्हणजे पदार्थच बदलतो. स्फटिकाच्या भुकटीत जीव नाही. ती फक्त बसायला पृष्ठभाग देते आणि रचना दाखवते, रेणू तोच राहतो. 'बी टाकणं' म्हणा. पेरणीवाल्या गावाला वेगळं समजवावं लागणार नाही.

सालईबन
'बी' घेते. त्यातही एक गोष्ट सांगायची आहे. नको असलेलं बी शिरलं तर काय होतं, ते रिटोनाव्हिरनं दाखवलं. एचआयव्हीवरचं हे औषध 1996 मध्ये बाजारात आलं. 1998 मध्ये त्याच रेणूचं दुसऱ्या रचनेचं स्फटिकरूप उगवलं, त्याहून कमी विरघळणारं. कॅप्सूल नीट विरघळेनात, त्या मागे घ्याव्या लागल्या. एकदा ते रूप आल्यावर जुनं रूप बनवणंही अवघड झालं, कारण नव्या रूपाचे दिसणारही नाहीत एवढे कण पुरत होते. रेणू एक आणि रचना अनेक, याला 'बहुरूपता' म्हणतात.

जुना फळा
मग पाश्चर हा फ्रेंच शास्त्रज्ञही सांगा. 1848 मध्ये त्यानं टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्यानं वेचून, आरशातल्या प्रतिमेसारखे एकमेकांच्या उलट असलेले डावे-उजवे वेगळे केले. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेतलं. तो क्षार साधारण 27 अंशांच्या खालीच असा वेगवेगळा पडतो. मे महिन्यात आपल्या गावी हा प्रयोग करायला बसला असता तर त्याच्या हाती काही लागलं नसतं.

पऱ्हाटी
मे मध्ये तं आमचं डोकंच पातळ होते सर.

सालईबन
शेवटचा अडलेला शब्द. स्फटिक गाळून घेतल्यावर जे द्रावण उरतं त्याला इंग्रजीत 'मदर लिकर' म्हणतात. 'मातृद्रव' लिहायला हात धजत नाही.

गाठीवाला
साखर कारखान्यात मळी म्हणतात की.

सालईबन
मळीत मळ आला दादा. आमच्या उरलेल्या द्रावणात विरघळलेलं औषध असतं, ते पुन्हा काढतो आम्ही. टाकाऊ वाटायला नको.

मेळघाटी
आम्ही रवा खाली बसला की वरच्याला 'वरचं पातळ' म्हणतो. आणि ते आधी विकून टाकतो, कारण ग्लुकोज गेल्यावर त्यात पाण्याचं प्रमाण वाढतं आणि ते लवकर आंबतं.

झाडीपट्टी
'उरलेलं द्रावण' लिहा ना सरळ.

सालईबन
तेच लिहिते. मेळघाटीदादा, रवा धरलेल्या मधाची एक बाटली मिळेल का 28 तारखेच्या आधी? वर्गात फिरवायला हवी आहे.

मेळघाटी
पाठवतो. उन्हात ठेवू नका, पोचेपर्यंत वितळून जाईल.