मदत हवी आहे: ताव दिल्यावरही तांब्याचा पत्रा काठाला चिरतोय

२० गेजच्या (साधारण ०.९ मिमी) तांब्याच्या पत्र्यातून ६ इंची वाटी ठोकतोय. पहिले दोन ताव छान बसले: अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की पत्रा हाताने वळत होता. तिसऱ्या तावानंतर मात्र काठाला केसाएवढ्या चिरा पडल्या आणि ठोक्याचा आवाजही बद्द येतोय.

नुसतं ठोकून कडक झालाय असं वाटत नाही. धातूत इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंचे सामाईक, म्हणून थर सरकले तरी बंध टिकतो. ठोकून स्फटिकातले दोष एकमेकांत गुंततात नि सरकणं अडतं, पण तावाने ते मोकळे व्हायला हवेत. इथे तावानंतरच बिघडलंय!

संशय ज्योतीवर आहे. तारेच्या प्रतीच्या तांब्यात किंचित क्युप्रस ऑक्साइड (तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग) असतं. हवा कमी पडलेल्या पिवळ्या ज्योतीतला हायड्रोजन आत शिरला की त्या ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनशी मिळून पाण्याची वाफ होते आणि धातूतल्या स्फटिककणांच्या सीमा आतून फाटतात.

मायक्रोस्कोपशिवाय हे पक्कं कसं ओळखायचं? पट्टी वाकवून तोडली तर तुटलेली कड नेमकी कशी दिसते? आणि फॉस्फरस घातलेला, ऑक्सिजन काढलेला पत्रा किरकोळीत कोणत्या नावाने मागायचा?