किचनचा एमसीबी सारखा पडतोय

सी-२०४: डब्याच्या घाईत रोज किचनचा एमसीबी (आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो, १६ अँपिअरचा काढून ३२ चा टाकू, मग पडणार नाही. टाकून घेऊ का?

ए-१०१: ताई, अजिबात नको! एमसीबी वायरीला सांभाळायला असतो. किचनच्या १५ अँपिअरच्या प्लगला बहुतेक २.५ स्क्वेअर एमएमची वायर असते. ३२ चा बसवला तर भिंतीच्या आत वायर तापत राहील, वरचं पीव्हीसी वितळायला लागेल, तरी एमसीबी पडायचा नाही. पडतो तेव्हा काय काय चालू असतं?

सी-२०४: इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन, गरम पाण्यावर. पण काका, लगेच नाही पडत, थोड्या वेळाने पडतो.

ए-१०१: मग हा ओव्हरलोडच. इंडक्शन २००० वॅट, मशीनचा हीटर २०००, मायक्रोवेव्ह १२००. झाले ५२००. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साडेबावीस अँपिअर. एमसीबीच्या आत पट्टी असते, ती तापून वाकली की तो पडतो, म्हणून वेळ लागतो. चालू करताक्षणी खटकन पडला असता तर शॉर्ट आहे का ते बघायला सांगितलं असतं. तूर्त मशीन दुपारी लावा.

बी-३०३: आमच्या एक्स्टेंशन बोर्डाचा प्लग काढताना हाताला चटका बसतो. एक पिन काळी पडलीय. त्यावर इस्त्री आणि किटली असते.

ए-१०१: आत्ताच्या आत्ता बंद करा तो बोर्ड. त्याची पिन ६ अँपिअरची, म्हणजे सगळं मिळून जेमतेम १४०० वॅट. नुसती किटलीच १५०० ची असते. भिंतीतलं सॉकेटही बदला, आतली पकड सैल झाली असणार. नवा प्लगसुद्धा त्यात जळेल.

बी-३०३: बंद केला काका.

सी-२०४: आणि मशीनसाठी वेगळी लाइन टाकली तर?

ए-१०१: तोच खरा उपाय. डीबीपासून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या बॉक्सपासून, स्वतंत्र २.५ ची कॉपर वायर आणि तिचा वेगळा १६ चा एमसीबी. वायर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणा, आयएसआय मार्क बघून. काम मात्र लायसन्सवाल्याकडूनच. त्याला बिलावरचा मंजूर भारही दाखवा, कमी असेल तर महावितरणकडे वाढवायचा अर्ज करावा लागेल.

सेक्रेटरी: काका, गणपतीत मांडवाचे हॅलोजन पार्किंगच्या प्लगवरून घेतात, तेही बघाल का?

ए-१०१: बघतो. संध्याकाळी मीटर रूमची किल्ली द्या.